बूट होणाऱ्या सीडीसाठी बूटलोडर कोणता?



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या भागात मुले मराठीत शिकतात आणि कन्नडही लिहितात. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेल्या बॉस लिनक्समध्ये या दोन्ही भाषांची सोय आहे. अशी प्रणाली सीडीवरूनच चालविली आणि 'इन्स्टॉल' हा पर्याय निवडला नाही, तर हार्ड डिस्कवरील निकाल व दाखले जसेच्या तसे राहतात. मात्र सीडी सुरूच झाली नाही, तर सगळी तासिका वाया जाते. म्हणून बूटलोडर नीट निवडावा लागतो.

बूटलोडर म्हणजे काय? संगणक चालू होताच बायोस सीडीवरून एक छोटा प्रोग्रॅम मेमरीत आणते. हा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. पुढे तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, मेमरीत आणतो.

सीडीची रीत वेगळी. हार्ड डिस्कचा सेक्टर सहसा ५१२ बाइटचा, तर डेटा सीडीचा २,०४८ बाइटचा असतो. म्हणून १९९५ मध्ये फिनिक्स व आयबीएम यांनी 'एल टोरिटो' हा नियम ठरविला. शून्यापासून मोजल्यास १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये बूट-यादीचा पत्ता असतो आणि त्या यादीत बूटलोडरची जागा दिलेली असते.

तीन पर्याय पाहू.

१) लिलो : मुख्यतः हार्ड डिस्कसाठी. सीडीला सोयीचा नाही.

२) आयसोलिनक्स : एच. पीटर अन्विन यांच्या सिसलिनक्स संचातील, खास सीडीसाठी. मेन्यू एका साध्या मजकूर-फाइलीत लिहिता येतो. जुन्या बायोसवर उत्तम.

३) ग्रब २ : बायोस आणि यूईएफआय या दोन्हींवर चालतो, पण त्याची मांडणी थोडी अवघड असते.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यानंतरच्या संगणकांत बायोसऐवजी यूईएफआय सर्रास आले. तेथे आयसोलिनक्स चालत नाही. मग निवड कशी करावी? सगळे संगणक जुने असतील तर आयसोलिनक्स पुरे. जुने-नवे मिसळलेले असतील तर एकाच सीडीवर बायोससाठी आयसोलिनक्स आणि यूईएफआयसाठी ग्रब, असे दोन्ही ठेवावेत. बॉस ज्या डेबियनवर आधारलेले आहे, त्याच्या सीड्यांवर अनेक वर्षे हीच जोडी राहिली.

पालक व विश्वस्तांना विनंती : जुने संगणक मोडीत काढण्यापूर्वी ही सीडी लावून पाहावी. प्रती काढण्याआधी एकच सीडी सर्वांत जुन्या व सर्वांत नव्या संगणकावर तपासावी.

स्वाध्याय : आपल्या प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकात बायोस आहे की यूईएफआय, याचा तक्ता तयार करा.