जुनी बुलेट : पारख आणि निगा

महाविद्यालयाच्या सायकल स्टँडवर हल्ली दोन-तीन जुन्या बुलेट उभ्या दिसतात. त्यांच्याभोवती जमणाऱ्या घोळक्यातून "अशी एखादी कितीला मिळेल रे?" हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर आकड्यात देता येते. पण ते अर्धेच असते. उरलेले अर्धे मला दोन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात मिळाले. ते सांगण्यापूर्वी या गाडीची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि ही गाडी आपल्याकडे बनू लागली. ३५० सीसीच्या जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा असतो. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब असल्यामुळे हे इंजिन कमी फेऱ्यांतही चांगले ओढते. दोघे आणि सामान घेऊन घाट चढताना कुरकुरत नाही. मात्र त्याला साठाच्या आसपासची चालच मानवते. ताशी नव्वदने पुण्याला जायचे असेल त्याने दुसरी गाडी पाहावी. हे बिडाचे इंजिन बनणे आता बंद झाले आहे. तेव्हा बाजारात मिळेल ती गाडी साधारण पंधरा वर्षांची किंवा त्याहून जुनी, हे धरूनच चालावे.

वडिलांनी उसाच्या बिलातून पैसे दिले आणि मी गाडी पाहायला गेलो, तेव्हा ती धुऊन-पुसून, इंजिन गरम करून ठेवलेली होती. पहिल्याच किकला सुरू झाली. टाकीवरची सोनेरी रेघ आणि तो 'धकधक' आवाज यांवर मी भाळलो. गरम इंजिन अनेक दोष लपवते, हे मला ठाऊक नव्हते. मित्रहो, गाडी सकाळी थंड असताना पाहावी आणि किक आपण स्वतः मारावी. किल्ली फिरवून कॉम्प्रेशन लागेपर्यंत किक हळू दाबायची. डिकॉम्प्रेसर ओढून अँमीटरचा काटा मध्यावर येईल इतकीच पुढे न्यायची. मग तो सोडून, किक वर येऊ देऊन, पूर्ण दाब द्यायचा. असे तीन-चारदा करूनही गाडी दाद देत नसेल तर विचारपूस सुरू करावी.

धूर नीट पाहावा. बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटमध्ये ऑइल टाकीच्या भागातून क्रँककेसमध्ये उतरते, त्यामुळे सुरुवातीला निळसर धूर आला तर घाबरू नये. पाच-दहा मिनिटांनंतरही तो राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड गेलेले समजावे. ॲक्सिलरेटर दिल्यावर खालून जड ठोका ऐकू आला, तर बिग-एंडचे काम निघणार. तो खर्च विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही.

कागदांच्या बाबतीत मी आणखी एक चूक केली. आर.सी. पुस्तक पाहिले, पण त्यातील नंबर गाडीशी ताडले नाहीत. इंजिन बदललेले निघाले आणि गाडी माझ्या नावावर व्हायला आठ महिने लागले. चेसिसचा आणि इंजिनचा असे दोन्ही नंबर गाडीवर स्वतः वाचावेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते; पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. विक्रेत्याकडून फॉर्म २९ व ३० वर सही घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी परराज्यातील असल्यास तेथील ना-हरकत दाखला हवाच.

आता घाटाची गोष्ट. बहुतेक जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. मी पूर्वी १०० सीसीची गाडी चालवत असे. कोयनानगर सोडून चिपळूणकडे उतरताना एका वळणावर समोर ट्रक थांबलेला दिसला आणि सवयीने उजवा पाय दाबला गेला. ब्रेक लागण्याऐवजी दुसऱ्याचा तिसरा गिअर पडला! इंजिनने गाडीला धरून ठेवले होते, तेही सुटले. पुढचा ब्रेक मुठीपर्यंत ओढला, पण वेग फारसा कमी झाला नाही. ट्रक चुकवला आणि आम्ही डोंगराच्या कडेला जाऊन आदळलो. माझा गुडघा सोलवटला. मागे बसलेल्या मित्राचे उजवे मनगट मोडले. त्या वर्षीची परीक्षा त्याने लेखनिक घेऊन दिली. चिपळूणच्या मिस्त्रींनी पुढचे चाक उघडले तेव्हा ब्रेकचे लायनर रिबिटांपर्यंत झिजलेले होते. "आवाज ऐकून घेतलीत ना?" एवढेच ते म्हणाले.

तेव्हापासून नवी सवय लावून घेतली. सपाट, मोकळ्या रस्त्यावर आठवडाभर केवळ डाव्या पायाने थांबण्याचा सराव केला. जुनी बुलेट घेणाऱ्याने घाटात जाण्यापूर्वी, आणि मागे कोणाला बसवण्यापूर्वी, हे केलेच पाहिजे.

निगेचे काम अवघड नाही, चिकाटीचे आहे. दर दोन-अडीच हजार किलोमीटरला ऑइल बदलावे. हे इंजिन ऑइलच्या स्वच्छतेवर जगते. कॉन्टॅक्ट पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी, टॅपेट इंजिन थंड असताना बसवावेत, चेन इंचभर सैल असावी. टायरच्या बाजूवरील शेवटचे चार आकडे वाचावेत : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचे रबर पावसात धरत नाही. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुने रबरी भाग खराब करते. म्हणून परीक्षेच्या काळात गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

प्रवासात माझ्या पिशवीत क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, ट्यूब आणि चेनचे लॉक असते. कंडेन्सर हा बोटाएवढा भाग, पण तो गेला की गाडी ढकलतच न्यावी लागते. पाटणजवळ मी ती दोन किलोमीटर ढकलली आहे.

मनगट मोडलेला मित्र आता पुन्हा मागे बसतो, पण घाट लागला की माझ्या डाव्या पायाकडे बघत असतो. आणि कोणाला गाडी पाहायला जायचे असेल तर मला अवश्य सोबत न्यावे. फिलर गेज माझ्याकडे आहे. फक्त सकाळी, मालकाने किक मारण्यापूर्वी निघू.