मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमधील ढिलाई व झीज कशी ओळखावी?

दुधाचे कॅन, खताची पोती, फवारणीचा पंप इत्यादींची ने-आण करण्यासाठी मोटारसायकल आज खेडोपाडी सर्रास वापरली जाते. कच्च्या रस्त्यावरील प्रत्येक हादरा प्रथम तिच्या पुढच्या फोर्कवर बसतो व काही काळाने हँडलाशी खडखड सुरू होते. अशा वेळी ‘शॉकअप गेला’ असे समजून तो बदलला जातो. पैसे खर्च होतात, पण खडखड मात्र तशीच राहते. याचे कारण असे की, ही ढिलाई तीन निरनिराळ्या ठिकाणी उत्पन्न होऊ शकते आणि हँडल धरलेल्या हाताला ती सर्वत्र सारखीच जाणवते. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोषाची जागा निश्चित करणे अगत्याचे आहे.

फोर्कची रचना

फोर्कच्या प्रत्येक पायात चकचकीत मुलामा दिलेला एक पोलादी पाइप असून तो खालच्या जाड नळीत सरकतो. आत स्प्रिंग व तेल असते. स्प्रिंग हादरा झेलते आणि तेल तिची उसळी आवरते. नळीच्या तोंडाशी असलेले ऑइल सील तेल बाहेर येऊ देत नाही. दोन्ही पाय वरच्या बाजूस एकत्र जोडलेले असून हा सर्व सांगाडा चॅसीच्या नळीतील वरच्या व खालच्या बेअरिंगवर वळतो. बहुतेक साध्या गाड्यांत येथे वाट्या व छर्रे असतात. यालाच कारागीर ‘कोन सेट’ म्हणतात.

पूर्वतयारी

प्रथम टायरमधील हवा, चाकाच्या ॲक्सलचे नट व आरे तपासावेत. नंतर गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून एकाने मागे वजन द्यावे, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. मधला स्टँड नसल्यास इंजिनाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा व एकाने गाडी धरून ठेवावी.

तपासणीचा क्रम

(1) चाकाचे बेअरिंग : एकाने फोर्क घट्ट धरावा. दुसऱ्याने चाक वर व खाली धरून आडवे हलवावे. फोर्क स्थिर असताना चाक डुगडुगल्यास दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे.

(2) कोन सेट : फोर्कचे दोन्ही पाय तळाशी धरून पुढेमागे ओढावेत. त्याच वेळी दुसऱ्याने चॅसीची नळी व फोर्कची खालची पट्टी यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. बोटाला तेथे हालचाल लागल्यास कोन सेट ढिला आहे. नंतर हँडल सावकाश दोन्हीकडे वळवावे. अगदी सरळ स्थितीत ते अडखळत असेल, तर वाट्यांना छर्ऱ्यांचे खळगे पडले आहेत असे समजावे. बहुतेक हादरे हँडल सरळ असतानाच बसत असल्याने खळगे त्याच जागी पडतात.

(3) फोर्कचे पाय : वरील सांधा स्थिर असून खालची नळीच पाइपावर पुढेमागे डुलत असेल, तर बुश अथवा पाइप झिजला आहे. सरकत्या भागांत किंचित मोकळीक असणे स्वाभाविक आहे. म्हणून शंका असल्यास त्याच जातीच्या नव्या गाडीशी तुलना करावी.

(4) तेल व सील : पाइपावरील रबरी आवरण वर सरकवून स्वच्छ फडके फिरवावे. तेलाचा ओघळ दिसल्यास सील गळत आहे. पाइपावर नख फिरवावे. गंजाच्या खड्ड्यात अथवा ओरखड्यात ते अडकल्यास केवळ सील बदलून उपयोग होत नाही, कारण खडबडीत पाइप नवे सीलही कापतो. शेवटी गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरावा व हँडल दाबून सोडावे. फोर्क वर येऊन स्थिरावण्याऐवजी पुन्हापुन्हा उसळल्यास तेल कमी झाले आहे किंवा निकामी झाले आहे.

पुढचा ब्रेक धरून गाडी पुढेमागे ढकलण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. परंतु त्यात ब्रेकच्या भागांतील मोकळीकही जाणवते; म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

दुरुस्तीविषयी सूचना

कोन सेट केवळ ढिला असल्यास तो आवळता येतो. मात्र खळगे पडलेल्या वाट्या आवळल्याने सुधारत नाहीत. वाट्या व छर्रे यांचा संपूर्ण संच बदलावा. कोन सेट फाजील आवळल्यास हँडल जड होते व संथ गतीत गाडी डुलते. चाक अधांतरी असताना हलक्या धक्क्याने हँडल दोन्ही बाजूंस आपोआप पडावे, पण पुढेमागे ढिलाई नसावी, ही योग्य आवळणीची खूण होय. तेल दोन्ही पायांत गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच भरावे. अपघातानंतर पाइप वाकला असल्यास तो सरळ करून वापरण्यापेक्षा बदलणे सुरक्षित असते.

सील गळून तेल डिस्क ब्रेकवर उतरत असेल, फोर्कला तडा दिसत असेल किंवा हँडल सरळ स्थितीत अडकत असेल, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. मागे दुधाचे भरलेले कॅन असताना पुढच्या चाकावरील भार कमी होतो आणि ढिल्या कोन सेटमुळे हँडल थरथरू लागण्याचा धोका वाढतो. विहिरीच्या पंपाची जोरदार धार कोन सेटवर व सीलवर मारू नये. पाणी आत शिरून ग्रीस निघून जाते व गंज चढतो.

पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी तपासणी करण्याचा प्रघात विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी पाडल्यास अनावश्यक खर्च वाचेल व अपघातही टळतील.