मोटारीचें इंजिन कसें ओळखावें

एकाच घराण्याच्या दोन मोटारी शेजारीं उभ्या असल्या म्हणजे त्या आंतूनही सारख्याच असतील, असें आपण सहज धरून चालतों. परंतु बाहेरचें रूप न बदलतां कारखानदार आंतलें इंजिन बदलीत असतात. जुनी गाडी घेणारा ही गोष्ट विसरला, तर भलत्याच इंजिनाचे सुटे भाग आणून पैसे फुकट घालवितो, किंवा भलत्याच गाडीची किंमत देऊन बसतो. ही ओळख कशी पटवावी, तें एका उदाहरणानें पाहूं.

इंग्लंडांत अॅबिंग्डन येथें एम. जी. कंपनीचा कारखाना होता. तो १९८० सालीं बंद झाला. तेथें १९३६ पासून १९५५ पर्यंत ‘टी’ मालिकेच्या दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारी निघाल्या. टी-ए, टी-बी, टी-सी, टी-डी व टी-एफ अशीं त्यांचीं नांवें. पैकीं टी-ए आणि १९३९ सालची टी-बी या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. तथापि टी-एचें इंजिन १२९२ घनसेंटिमीटरचें, तर टी-बीचें १२५० चें आहे. नवें इंजिन लहान म्हणून तें दुबळें असेल, असें मात्र कोणी समजूं नये.

हे आंकडे कोठून येतात? सिलिंडराचा व्यास व आंतील दट्ट्याची धाव या दोन मापांवरून. टी-बीचा व्यास ६६.५ मिलिमीटर व धाव ९० मिलिमीटर आहे. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढण्यास शिकलेल्या विद्यार्थ्यानें हिशेब करून पाहावा : क्षेत्रफळ सुमारें ३४.७३ चौरस सेंटिमीटर. त्यास ९ नें गुणिलें कीं एका सिलिंडराचे ३१२.६ घनसेंटिमीटर होतात, आणि चार सिलिंडरांचे १२५०. टी-एचा व्यास ६३.५ व धाव १०२ आहे. तेव्हां ब्रिटनांत मोटारीवरील कर सिलिंडरांची संख्या व व्यास यांवरूनच आकारीत, धावेचा विचारच नसे. म्हणून व्यास लहान ठेवून धाव लांबविण्याकडे तिकडच्या कारखानदारांचा कल असे. कायदा यंत्राचा आकारही कसा घडवितो, याचा हा मासला होय! टी-बीच्या आंखूड धावेमुळें दट्ट्यास प्रत्येक फेऱ्यांत कमी अंतर तोडावें लागतें, आणि इंजिन अधिक वेगानें फिरूं शकतें.

ओळखीचें पहिलें साधन म्हणजे इंजिनाच्या क्रमांकामागील अक्षरें. टी-एचीं अक्षरें एम-पी-जे-जी. टी-बीपासून पुढें एक्स-पी-ए-जी. १९५४ सालीं निघालेल्या टी-एफ १५०० या भेदांत इंजिन १४६६ घनसेंटिमीटरचें झालें, व त्याचीं अक्षरें एक्स-पी-ई-जी अशीं आहेत. एक ‘ए’ जाऊन ‘ई’ आला, एवढेंच. पण घाईनें वाचणाऱ्याची येथें हटकून फसगत होते.

टी-एफ १५०० च्या बॉनेटच्या बाजूस तसा बिल्लाही असतो. त्यावर आमचा फारसा भरंवसा नाहीं; बिल्ला कोणीही आणून लावावा. क्रमांकाची पट्टीसुद्धां काढून दुसरीकडे बसवितां येते. शिवाय कित्येक टी-ए गाड्यांत मूळचें इंजिन निकामी झाल्यावर मालकांनीं एक्स-पी-ए-जी बसविलें. यांत अप्रामाणिकपणा नाहीं, गाडी चालती राहिली हें चांगलेंच झालें. मात्र विकतांना ही गोष्ट लपविणें ही फसवणूक आहे, असें आम्ही म्हणूं.

म्हणून शंका असल्यास हेड उघडून माप घ्यावें. झिजलेला सिलिंडर कांतून किंचित् मोठा करण्याची चाल असल्यामुळें व्यास थोडा वाढलेला आढळेल, परंतु त्यानें धाव बदलत नाहीं. १०२ भरली तर टी-एचें इंजिन. ९० भरली तर पुढचें. टी-एफचे दोन भेद मात्र धावेवरून कळत नाहींत, कारण ती दोहोंची ९० च आहे. तेथें व्यासच पाहावा लागतो, आणि ६६.५ व ७२ यांतील साडेपांच मिलिमीटरांचा फरक शाळेंतल्या साध्या मोजपट्टीसही कळतो.