वाहनांच्या धुराची तपासणी : केंद्राची निवड कशी करावी?

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे मोठ्या वाहतुकीचे ठिकाण आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. गोव्याकडे जाणारा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघतो. आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराची अवजड वाहने याच परिसरातून ये-जा करतात. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. शहर वाढले, त्याबरोबर वाहनेही वाढली. रस्त्यालगतचे दुकानदार, बससाठी ताटकळणारे विद्यार्थी आणि चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस या सर्वांना वाहनांचा धूर रोज सोसावा लागतो. तो मर्यादेत आहे की नाही हे ठरविण्याचे काम शासनाने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रांकडे आहे. म्हणून केंद्र कोणते निवडावे, हा प्रश्न केवळ वाहनमालकाच्या सोयीचा राहत नाही.

कायद्याची अपेक्षा

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ अन्वये, पहिल्या नोंदणीस एक वर्ष पूर्ण झाल्यानंतर प्रत्येक वाहनासोबत वैध प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र, म्हणजेच पीयूसी, असणे बंधनकारक आहे. त्याची मुदत सामान्यतः सहा महिने असते. भारत स्टेज ४ किंवा ६ या मानकांनुसार तयार झालेल्या वाहनांस मात्र ते बारा महिने चालते. विजेवर चालणाऱ्या वाहनांस ही तपासणी लागू नाही.

मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनुसार, प्रदूषणविषयक मानकांचा भंग करणाऱ्यास पहिल्या अपराधासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रमाणपत्र खिशात आहे म्हणून वाहनाला धूर ओकण्याची मुभा मिळते, असेही नाही. वाहन मानकांचे पालन करीत नाही असे मानण्यास कारण असल्यास, पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक अथवा त्यांहून वरिष्ठ अधिकारी नियम ११६ अन्वये फेरतपासणीचा लेखी आदेश देऊ शकतात. असे झाल्यास नवे प्रमाणपत्र सात दिवसांच्या आत सादर करावे लागते.

तपासणीत काय मोजतात?

पेट्रोल व सीएनजी वाहनांचे इंजिन गाडी उभी ठेवून मंद गतीवर चालू ठेवतात. सायलेन्सरच्या नळीत शोधनळी घालून बाहेर पडणारा वायू विश्लेषक यंत्रात घेतात. पेट्रोलच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण यंत्र दाखविते. भारत स्टेज २ व ३ च्या चारचाकी पेट्रोल वाहनांस कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची मर्यादा दर दशलक्ष भागांत ७५० भाग अशी आहे. भारत स्टेज ४ साठी याच मर्यादा अनुक्रमे ०.३ टक्के व २०० भाग अशा कडक केलेल्या आहेत.

डिझेल वाहनांची रीत निराळी आहे. गिअर न टाकता ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात आणि निघणारा धूर किती प्रकाश अडवितो हे धूरमापक यंत्राने पाहतात. ही क्रिया अनेक वेळा करून सरासरी काढली जाते. प्रकाश-शोषण गुणांकाची मर्यादा भारत स्टेज ४ पूर्वीच्या वाहनांस दर मीटरला २.४५, तर भारत स्टेज ४ च्या वाहनांस १.६२ आहे.

हे दोन्ही वायू इंधनाच्या अपुऱ्या ज्वलनाचे निदर्शक होत. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता वाया गेलेले इंधनच. एअर फिल्टर तुंबणे, स्पार्क प्लग खराब होणे किंवा इंजेक्टर बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे असतात. त्यामुळे खरी तपासणी मालकाचाही पैसा वाचविते. मात्र नायट्रोजनची ऑक्साइडे या चाचणीत मोजली जात नाहीत, ही तिची मर्यादा ध्यानात ठेवावी.

योग्य केंद्राची लक्षणे

१. केंद्राचे मान्यतापत्र व शासनमान्य दरांचा फलक दर्शनी भागी लावलेला असावा.

२. आपल्या इंधनाच्या वाहनासाठी लागणारे यंत्र तेथे असावे. केवळ पेट्रोलचे यंत्र असलेल्या केंद्रात डिझेल वाहन नेण्यात अर्थ नाही.

३. यंत्राचे अंशशोधन मुदतीत झालेले असावे. त्याची नोंद पाहण्याचा आग्रह धरण्यात काहीच वावगे नाही.

४. शोधनळी प्रत्यक्ष सायलेन्सरमध्ये पुरेशी आत गेली पाहिजे. केवळ क्रमांकपट्टीचे छायाचित्र घेऊन प्रमाणपत्र हाती देणाऱ्या केंद्राने तपासणी केलीच नाही, असे समजावे.

५. प्रमाणपत्रावरील वाहन क्रमांक, इंधनाचा प्रकार व मोजलेले आकडे तेथेच ताडून पाहावेत.

मालकानेही थोडी तयारी करावी. इंजिन तापलेले असताना तपासणी करावी, कारण थंड इंजिनात ज्वलन नीट होत नाही. सायलेन्सर फुटलेला असल्यास बाहेरची हवा मिसळून आकडे फसवे येतात. तो आधी दुरुस्त करावा.

वाहन अनुत्तीर्ण झाल्यास

जून २०२१ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण देशासाठी प्रमाणपत्राचा एकच नमुना ठरविला. त्यावर क्यूआर कोड असतो आणि मालकाचा मोबाइल क्रमांक नोंदविणे आवश्यक असते. याच वेळी नकारपत्राचीही तरतूद झाली. आकडे मर्यादेबाहेर गेल्यास केंद्राने कारणासह हे नकारपत्र द्यावयाचे असते. ते गॅरेजमध्ये दाखवून दुरुस्ती करून घेता येते; केंद्राच्या यंत्राविषयी शंका असल्यास ते घेऊन दुसऱ्या केंद्रात पुन्हा तपासणीही करता येते. नकारपत्र हा रोगनिदानाचा कागद आहे, हे ओळखून मालकाने त्याचा राग मानू नये.

स्थानिक संस्थांचे कार्य

ग्रामपंचायतींनी प्रथम स्वतःच्या पाण्याच्या टँकरची व कचरागाड्यांची तपासणी वेळेवर करून घ्यावी. शाळांनी विद्यार्थी नेणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या प्रमाणपत्राची मुदत नोंदवहीत लिहून ठेवावी. विज्ञानाच्या शिक्षकांना ज्वलनाचा धडा शिकविताना जवळच्या केंद्रातील आकडे उदाहरणादाखल घेता येतील. मोजणी न करता प्रमाणपत्र देणारे केंद्र आढळल्यास त्याची लेखी माहिती प्रादेशिक परिवहन कार्यालयास द्यावी. आपण दिलेले शुल्क मोजणीचे आहे, हे वाहनमालकाने जाणले, तर खोट्या प्रमाणपत्राला गिऱ्हाईक उरणार नाही; आणि पनवेलच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारा धूर काही अंशी तरी कमी होईल.