व्हॉल्व्हचा आवाज, नऊ व्होल्टांत

अगं, तू पाठवलेला सर्किटचा कागद नीट पाहिला. फेंडरचा ट्वीड डीलक्स हा गिटारचा अँप्लिफायर, त्यातलं ५ई३ हे १९५५ ते १९६० मधलं मॉडेल, आणि त्याचा आवाज पायाखालच्या छोट्या पेटीत आणायचा. निवड झकास आहे. नील यंग आयुष्यभर ज्याच्यावर वाजवत आला, तो १९५९ चा डीलक्सच. तेव्हा तुझ्या कानाबद्दल मला शंका नाही. कागदावर तुझा जरा जास्तच विश्वास बसलाय, तेवढं बोलू या.

आधी एक दम देऊन ठेवते. 'मूळ अँप्लिफायर उघडून बघू का' असं लिहिलंयस ना? नाही बघायचा. त्यात ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. तुझी पेटी ९ व्होल्टची आहे, तिथे फार तर बोट भाजेल. खेळायचं ते तिथेच खेळ.

आता डीलक्समध्ये असतं काय, ते बघ. सगळे व्हॉल्व्ह: पुढे एक १२एवाय७, मग एक १२एएक्स७, शेवटी दोन ६व्ही६, वीजपुरवठ्याला ५वाय३ आणि बारा इंची एकच स्पीकर. तुझ्या कागदावर या सगळ्याच्या जागी तीन जेफेट, म्हणजे एका जातीचे ट्रान्झिस्टर, आहेत. कल्पना सरळ आहे. व्हॉल्व्हच्या ग्रिडच्या जागी जेफेटचं गेट, कॅथोडच्या जागी सोर्स आणि प्लेटच्या जागी ड्रेन. साधा ट्रान्झिस्टर करंटवर चालतो, जेफेट मात्र व्हॉल्व्हसारखाच व्होल्टेजवर. त्यामुळे गिटारच्या पिकअपवर त्याचा भार पडत नाही. शिवाय जोर वाढला की लाटेची एक बाजू आधी चेपते, दुसरी नंतर. व्हॉल्व्हचा आवाज आपल्याला उबदार वाटतो, त्यात या वाकडेपणाचा मोठा हात आहे.

इथवर कागदाचं बरोबर आहे. पुढे तो तुला फसवेल. एकाच थैलीतले दोन जेफेट सारखे निघत नाहीत. जे२०१ घे. उत्पादकाचा स्वतःचा तक्ताच सांगतो की गेट आणि सोर्स जोडले तर त्यातून ०.२ पासून १ मिलिअँपिअरपर्यंत कितीही करंट जाऊ शकतो. म्हणजे पाच पटींचा फरक, आणि तरी दोन्ही नग 'चांगले'च! एमपीएफ१०२ ची तर गोष्टच सोड, तिथे २ ते २० आहे. मग कागदावरचा रेझिस्टर ज्याच्या जेफेटला जुळला, त्याला जुळला. तुझ्या जेफेटला तो जुळेलच असं नाही. सगळं कागदाप्रमाणे लावूनही आवाज चिरका आला, तर स्वतःला ढ समजू नकोस, इतकंच म्हणणं आहे.

म्हणून प्रत्येक नग आधी मोज. ब्रेडबोर्डवर ड्रेनला ९ व्होल्ट दे, गेट जमिनीला जोड आणि सोर्समधून १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीला. आता सोर्सवर मल्टिमीटर धर. जो आकडा दिसेल तेवढं उणे व्होल्टेज गेटला दिलं की हा नग जवळपास बंद होतो. एवढा एक आकडा हाती आला की जवळचे जवळ लावता येतात आणि टोकाचे बाजूला काढता येतात. डाळ निवडावी तसं निवडत बस, कंटाळा आला तरी.

खरेदीचंही सांगते. तीन पायांचा जुना जे२०१ आता सहज मिळत नाही, आणि जुना साठा म्हणून भलतंच काहीतरी गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. तेच अंग एमएमबीएफजे२०१ या चिमुकल्या रूपात मिळतं. ते छोट्या अडॅप्टर पट्टीवर बसवून घे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर यादी कागदावर लिहून ने आणि काउंटरवर ठाम उभी राहा. 'भावासाठी का?' असं विचारतील. विचारू देत.

मग ड्रेनचा ट्रिमपॉट. १०० किलोओहमचा लाव आणि ड्रेनवर साधारण साडेचार व्होल्ट येईपर्यंत फिरव. पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे लाटेला दोन्ही बाजूंना जागा. पण तिथे थांबू नकोस. गिटार लावून तो हळूहळू इकडेतिकडे कर. पाच-साडेपाचच्या आसपास कधी कधी आवाज एकदम मोकळा होतो. तुझ्या कानाला रुचेल तेच बरोबर.

बासचं काय करायचं, ते मात्र ठरवूनच घे. मूळ डीलक्समध्ये टप्प्यांच्या मधले कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचे आहेत. म्हणून आवाज पूर्ण चढवला की खालचे सूर फसफसून जातात. काहींना तेच आवडतं. तुझ्या हंबकर गिटारवर त्याचा चिखल होईल. १ मेगओहमच्या पुढे ०.००२२ चा कपॅसिटर लाव, म्हणजे ७२ हर्ट्झच्या खालचं आपोआप ओसरेल. जाड तारेचा मोकळा सूर ८२ वर आहे, तो शाबूत राहील.

आता ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही ते. डीलक्सचा निम्मा आवाज त्या बारा इंची स्पीकरचा आहे. असा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचं फारसं ऐकवतच नाही. पेडल थेट कॉम्प्युटरला जोडलंस की तो गाळणारा नसतो आणि कानात माशी गुणगुणते. लोक मग जेफेटला शिव्या देतात. शेवटी १० किलोओहम आणि ०.००३३ मायक्रोफॅरड अशी जोडी लाव, एकापाठोपाठ दोन लावल्यास आणखी बरं. सोबत एक स्विच ठेव, कारण पुढे खरा अँप्लिफायर असेल तेव्हा हे गाळण नको असतं.

कागदावर वीजपुरवठ्यात 'सॅग'साठी रेझिस्टर दाखवलाय, तो खुशाल गाळ. डीलक्समध्ये जोरात वाजवलं की ६व्ही६ जास्त करंट ओढतात, ५वाय३ दमतो आणि आवाज क्षणभर दबून परत उसळतो. तुझे तीन जेफेट वाजवताना जवळपास तेवढाच करंट घेत राहतात. मग दमायचं कुणी? त्या रेझिस्टरने नुसते व्होल्ट कमी होतील. दोन ६व्ही६ मिळून जी ओढाताण करतात, तीही एकट्या जेफेटला जमणार नाही. जेवढं येतं तेवढंच घे.

आणि कुणी 'ट्रान्झिस्टर तो ट्रान्झिस्टरच' म्हणून नाक मुरडलं तर त्याला क्वीन या बँडची आठवण करून दे. मला सांगायचंय ते त्यांच्या बेसवादक जॉन डीकनचं. १९७२ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या कचऱ्यात त्याला एक सर्किट सापडलं. ते त्याने छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. आत जर्मेनियम ट्रान्झिस्टर. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने त्यावर गिटारचे थरावर थर रेकॉर्ड केले आणि ऐकणाऱ्यांना वाद्यवृंद वाटला.

सगळं जमलं की तिन्ही ड्रेनचे व्होल्ट झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेव. आणि प्रत्येक ट्रिमपॉटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एकेक थेंब टाक, म्हणजे बॅगेत हादरून तो फिरणार नाही. माझी ती लाल बाटली तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे.