गावातील कामालाही श्रेयांक

भातसानगर परिसरात पाण्याला तोटा नसावा, असे बाहेरून येणाऱ्यास वाटते. भातसा व तानसा ही शहापूर तालुक्यातील धरणे मुंबई महानगराची तहान भागवितात. तथापि उन्हाळा लागला की याच तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा पाड्यावरील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विहिरींची पातळी दर पंधरवड्यास मोजून तिची नोंद ठेवली, तर ते काम त्याच्या पदवीत धरले जाईल काय? आज याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक हे विद्यार्थ्याने केलेल्या अभ्यासाचे माप होय. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनास सामान्यतः एक श्रेयांक मिळतो. प्रात्यक्षिक वा क्षेत्रकार्य असल्यास त्यासाठी ३० तास लागतात. राज्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ श्रेयांक आवश्यक आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार यांपैकी काही श्रेयांक वर्गाबाहेर मिळविता येतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली सातारा येथे सुरू केलेल्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला मानाचे स्थान होते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. परंतु असे श्रम बहुधा पदवीच्या कडेला राहत. आता ते पदवीच्या आत आले आहेत.

तीन वाटा

पहिली वाट क्षेत्र प्रकल्पाची किंवा समाजसहभागाची. दोन श्रेयांकांसाठी सुमारे ६० तासांचे काम धरावे. विहिरींची पाहणी, पीकपद्धतीची नोंद किंवा शाळाबाह्य मुलांची गणना हे विषय येथे शोभतात.

दुसरी वाट प्रत्यक्ष कार्यानुभवाची. सहकारी संस्था, कारखाना, रुग्णालय किंवा शासकीय कार्यालय येथे १२० तास काम केल्यास चार श्रेयांक मिळू शकतात.

तिसरी वाट ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या संगणकीय अध्यापनमंचाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेता येतात. महाविद्यालयाची पूर्वसंमती आणि परीक्षेतील उत्तीर्णता या दोन्ही गोष्टी मात्र हव्यात.

श्रेयांकांची पेढी

मिळालेले श्रेयांक २०२१ साली स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. अशा घरातील मुलाचे वा मुलीचे शिक्षण मध्येच थांबले, तर पूर्वी झालेला अभ्यास बहुधा वाया जाई. आता पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक व ठरवून दिलेला कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र मिळते. तसेच जमा श्रेयांकांच्या आधारे मुदतीत परत येऊन पुढील शिक्षण घेता येते.

शिक्षक व पंचायत यांची जबाबदारी

काम आधी आणि मान्यता नंतर, असे केल्यास विद्यार्थ्याची निराशा होते. विषय, तास व मार्गदर्शक अध्यापक ही तिन्ही प्रारंभीच लेखी ठरवावीत. विद्यार्थ्याने दैनंदिनी ठेवावी व अखेरीस अहवाल द्यावा. ग्रामपंचायतीने त्यास नोंदवह्या पाहू द्याव्यात, झालेल्या कामाचा दाखला द्यावा आणि तो अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा. विद्यार्थ्यास बिनपगारी कारकून समजून केवळ कागद उतरवून घेण्यास बसविणे, हे या योजनेच्या हेतूस बाधक ठरेल. तसेच न केलेल्या तासांचा दाखला देणे म्हणजे त्या विद्यार्थ्याचे नुकसान करणेच होय.

पाड्यावरील विहीर केव्हा आटते हे तेथील आयाबहिणींना ठाऊक असते. परंतु त्याची आकडेवारी टंचाई आराखडा करणाऱ्या कार्यालयापर्यंत पोहोचतेच असे नाही. ती पोहोचविणारा विद्यार्थी दोन श्रेयांक मिळवील आणि गावाच्या हाती वर्षभराची नोंद येईल. येत्या सत्रारंभापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने अशा अभ्यासाचे दोन-तीन विषय ठरवून जवळच्या महाविद्यालयास कळविले, तर या कार्यास योग्य प्रारंभ होईल.