कुंपण लाव, पण रोप पारखून

अगं, काल फोनवर तू किती हौसेनं सांगितलंस, तुझ्या नव्या घराभोवती जास्वंदीचं कुंपण करायचंय, लांबच्या नर्सरीतून गाडीभर परदेशी जातीची रोपं येणार. तुझा आनंद मला कळतो गं. पण घराच्या मागंच आपली कापसाची पऱ्हाटी उभी आहे, म्हणून मनातलं सांगते.

मी हे भोगलंय. लग्नानंतर हौसेनं दारापुढं जास्वंद लावली. रोपांच्या कोवळ्या शेंड्यांना पांढरं, कापसासारखं काही चिकटलेलं होतं. मी दुर्लक्ष केलं. तो पिठ्या ढेकूण होता. एक मादी शेकडो पिल्लं घालते. ती वाऱ्यानं, पाण्यानं, आपल्या लुगड्याला चिकटून पुढं सरकतात, आणि त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याही त्यांना जपतात. पोळा येईपर्यंत धुऱ्याजवळची कापसाची चार तासं काळी पडली. बोंडं भरलीच नाहीत.

कापसावरचा हा पिठ्या ढेकूण मूळचा अमेरिकेकडचा. २००६-०७ च्या सुमारास पंजाब आणि गुजरातच्या कापसावर तो तुटून पडला होता. गाजरगवतही बाहेरूनच आलेलं, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलं. आज हा ढेकूण त्याच गवतावर मुक्काम करतो आणि पेरणी झाली की वावरात उतरतो. कापसाची पानं मुरडणारा विषाणूही जास्वंदीवर राहू शकतो, पांढरी माशी त्याला झाडोझाडी नेते. असंच तिकडे इटलीतही झालं; २०१३ साली जुनी ऑलिव्हची झाडं एका जिवाणूनं वाळू लागल्याचं उघड झालं. शोभेच्या कॉफीच्या रोपांतून तो आला असावा, असं तिथल्या शास्त्रज्ञांना वाटतं. एका कुंडीनं केवढी किंमत मोजायला लावली!

म्हणून असं कर. रोपं गाडीतून उतरवायच्या आधी पानांची मागची बाजू, पेरं आणि शेंडे पाहा. पांढरा कापूस, चिकटपणा, मुरडलेलं पान किंवा मुंग्यांची रांग दिसली, तर ते रोप घेऊच नकोस. एक-दोन रोपांची माती झटकून मुळं बघ. गाठी असतील तर सूत्रकृमी समज, तो आपल्या वांग्या-टोमॅटोलाही धरतो. घेतलेली रोपं तीन आठवडे पऱ्हाटीपासून लांब ठेव, रोज नजर टाक. त्यांना हात लावला की हात, विळा, कात्री धुऊनच वावरात जा. किडलेली फांदी नाल्यात किंवा धुऱ्यावर फेकू नकोस, जाळून टाक. धुऱ्यावरचं गाजरगवत फुलायच्या आत उपट. आणि विदेशातला कुणी पाहुणा पिशवीत फांदी लपवून आणतो म्हणाला, तर हात जोडून नाही म्हण. आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय परदेशी रोप आणायला आपल्या सरकारच्या २००३ च्या आदेशानं बंदी आहे.

खरं विचारशील तर आपल्या मातीतलं करवंद किंवा मेंदी लाव. करवंदाच्या बिया घरच्या मातीत रुजव. वेळ लागेल, पण काट्यांचं कुंपण बकऱ्याही ओलांडत नाहीत, आणि गाडीतून कुठला रोग आला ही धाकधूक राहत नाही.

जास्वंदच हवी असेल तर शेजारच्या वहिनींकडच्या, चार वर्षं डोळ्यांदेखत निरोगी वाढलेल्या झाडाची फांदी माग. कुंपण घर राखायला असतं, त्यातूनच शत्रू घरात घेऊ नकोस.